गुहागरहून कराडला बंद पद्मिनी आणायची आहे: ओढून आणू की गाडीत घालून?

एमएमव्ही_कराड

नमस्कार मंडळी. मी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडला शिकवतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून एक जुनी गाडी नट-बोल्टपर्यंत खोलून पुन्हा उभी करून घ्यायची, हे फार दिवस मनात आहे. आमची पोरं स्कॅनर लावून सेन्सरचा फॉल्ट काढतात, पण कार्बोरेटर त्यांनी पाहिलाय तो कापून रंगवून टेबलावर ठेवलेला. पेट्रोल त्यातून कसं खेचलं जातं हे त्यांच्या हाताला माहीत नाही. ते हाताला कळावं म्हणून ही खटपट.

गाडी मिळाली आहे. गुहागरजवळच्या एका वाडीत १९७८ची प्रीमिअर पद्मिनी मांगरात, म्हणजे गोठ्यासारख्या शेडमध्ये, उभी आहे. मूळ मालक मुंबईत नोकरीला होते, निवृत्त झाल्यावर हीच गाडी घेऊन गावी आले. ते वारल्यापासून तिला कुणी हात लावलेला नाही. त्यांच्या पत्नी गाडी फुकट देताहेत. अट एकच: भंगारात घालायची नाही, आणि सुरू झाली की एकदा दारात आणून दाखवायची.

मी जाऊन बघून आलो. वर कौलं शाबूत आहेत म्हणून छत आणि बॉनेट चांगलं आहे, पण मांगराच्या दोन बाजू उघड्या, त्यामुळे खालून खारं वारं लागलंय. ड्रायव्हरच्या पायाखाली जमीन दिसते. चारही टायर बसलेत. हँडब्रेक ओढलेला आहे आणि मागचं डावं चाक जागचं हलत नाही. मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलंय. मात्र सगळं जागेवर आहे: स्टिअरिंगवरचा गिअर, मीटर, हबकॅप, डिकीत जॅकसुद्धा. कुणी एक स्क्रूदेखील काढून नेलेला नाही.

आता रस्ता गुहागर, चिपळूण, पोफळी, कुंभार्ली घाट, पाटण, कराड. मित्राची बोलेरो आहे, तो म्हणतो जाड दोर बांधून रात्री शांतपणे ओढत आणू. क्रेनवाल्याने सांगितलेला दर आमच्या वर्गणीला झेपणारा नाही. हवा भरून दोराने आणता येईल का? निघण्यापूर्वी तिथेच बॅटरी लावून इंजिन फिरवून बघावं का? आणि कागदांचं काय करायचं? मुलांना बरोबर न्यायचं ठरवलंय, त्यामुळे धोका पत्करायची माझी तयारी नाही. अनुभवी लोकांनी सविस्तर सांगावं.

---

वाळव्याचा_ट्रॅक्टर

सर, मी आमची ॲम्बॅसॅडर ट्रॅक्टरमागे ओढून आणली होती, पण ती सपाटीला आणि गावच्या गावात. दोर अजिबात वापरू नका. पुढची गाडी थांबली की मागची येऊन आपटते. आम्ही लोखंडी पाइपचा ए आकाराचा दांडा वेल्डिंग करून घेतला होता, दोन टोकं मागच्या गाडीला आणि एक हुकात. त्यातही मागच्या गाडीत ब्रेक दाबणारा माणूस हवाच. घाटाचं काही मी सांगू शकत नाही. माझ्या मते तुमच्या रस्त्याला दांडासुद्धा नको.

---

लालबाग_फियाट

मास्तर, मी उभी हयात काळ्या-पिवळ्या फियाट, म्हणजे पद्मिनी टॅक्सी, दुरुस्त करण्यात घालवली. माझं गाव गुहागर तालुक्यातच, त्यामुळे तुमचा रस्ता पायाखालचा आहे. मोठं लिहितोय, पण पूर्ण वाचा.

कुंभार्ली घाटातून ती गाडी ओढायची नाही. दोराने नाही, दांड्याने नाही, पुढची चाकं उचलूनही नाही. कारण सांगतो, म्हणजे पोरांनाही समजावता येईल.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि बूस्टर (इंजिनच्या जोरावर पेडलला मदत करणारा भाग) नाही. त्यामुळे इंजिन बंद असलं तरी ब्रेक लागायला हवा, हे खरं. पण इतकी वर्षं उभ्या गाडीचे व्हील सिलेंडर, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणारे छोटे सिलेंडर, आतून गंजलेले असतात, रबरं कडक झालेली असतात. तुम्ही पेडल मारलंत की पहिल्यांदा कदाचित धरेल, दुसऱ्यांदा रबर फाटून पेडल तळाला जाईल. मग उरला हँडब्रेक. तो तुमच्याकडे आधीच एका चाकाला चिकटलाय. घाटात उतार लागला की आत बसलेल्याच्या हातात काहीच राहत नाही. घाट चढून गेल्यावरच्या हेळवाकच्या पुढेही रस्ता वळणावळणाचा आहे आणि समोरून ट्रक येतात.

क्रेनने पुढची चाकं उचलून न्यायची म्हटलं तर गिअरबॉक्स मरतो. इंजिन बंद आणि गिअर न्यूट्रल असताना मागची चाकं प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) फिरवतात, शाफ्ट गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरवतो, पण खालचा ले शाफ्ट गप्प बसतो. तेल उडवायचं काम ले शाफ्टच्या गिअरचं. म्हणजे मेन शाफ्ट कोरडा फिरत राहतो. गल्लीच्या टोकापर्यंत चालतं. कराडपर्यंत नाही. ज्याला तसं न्यायचंच आहे त्याने प्रोपेलर शाफ्ट खोलून बाजूला ठेवावा.

तेव्हा गाडीत घालूनच न्या. छोटा हत्ती चालणार नाही. पद्मिनी रिकामी ९०० किलोच्या आसपास भरते, जुन्या छोट्या हत्तीची क्षमता ७५० किलो, शिवाय हौदा लहान. पद्मिनीची लांबी ३ मीटर ९३ सेंटिमीटर, म्हणजे १३ फुटांना जरा कमी. १४ फुटी हौद्याचा आयशर टेम्पो घ्या, मागचं फळकं लावून बरोब्बर बसते. क्रेनवाल्याला विचारू नका, चिपळूणच्या मार्केटात जा. घाटावरून भाजी, कांदे, गूळ उतरवून बरेच टेम्पो रिकामे परत जातात. परतीच्या भाड्यात काम होईल.

चढवायची कशी? गावात बांध शोधा. कोकणात मांगराजवळ हौद्याच्या उंचीचा एखादा बांध किंवा चिऱ्याचा कठडा सापडतोच. टेम्पो मागे घेऊन बांधाला लावायचा, मधल्या फटीवर जाड फळ्या टाकायच्या आणि गाडी सरळ आत ढकलायची. उतारावर फळ्या लावून वर ओढण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. चेन कुप्पी (हाताने साखळी ओढून जड वस्तू खेचायचं साधन) बरोबर न्या. ती हौद्याच्या पुढच्या टोकाला अडकवून हळूहळू खेचा. ट्रॅक्टरने हिसका द्यायचा नाही.

साखळी अडकवायची ती पुढच्या क्रॉस मेंबरला, जिथे सस्पेन्शनचे आर्म बसतात तिथे. बंपरला नाही, बंपरच्या ब्रॅकेटलाही नाही. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. ड्रायव्हरच्या पायाखाली जमीन दिसते म्हणालात ना, मग दाराखालचा सिलही आतून गेलेला असणार. तिथे जॅक लावलात तर सिल पापडासारखा मोडेल आणि जॅक आत जाईल. उचलायचं तर मागे ॲक्सलखाली आणि पुढे क्रॉस मेंबरखाली, मध्ये लाकडी ठोकळा घालून. आणि चढवताना चारही दारं बंद ठेवायची. कुजलेल्या सिलवर दारं उघडी टाकून गाडी उचलली की बॉडी मधून बसते, मग दार परत लागत नाही. मी अशा गाड्या पाहिल्यात, दार लावायला रंधा मारायची वेळ आलेली.

आता ते डावं चाक. ब्रेकचा लायनर गंजाने ड्रमला चिकटलाय. हँडब्रेक खाली सोडा, मग गाडीखाली केबलचा नट पूर्ण सैल करा. ड्रमच्या तोंडावर, बोल्टांच्या मधल्या जागेत, हातोडीने गोल गोल ठोका. कडेवर मारायचं नाही, कड उडते. डिझेल शिंपडू नका, लायनरमध्ये जाईल. बहुतेक वेळा सुटतं. नाहीच सुटलं तर चाकाखाली केळीच्या खोडाची सोपं टाका, बाहेरची हिरवी जाड. अडकलेलं चाक त्यावरून अलगद सरकतं. आमच्याकडे जड पेट्या, दगड असेच सरकवतात. टायर फाटलेले असतील तर एखाद्या गॅरेजातून पद्मिनीची चार चाकं मागून न्या. साइझ ५.२० बाय १४.

स्टिअरिंगवरचा गिअर हाताला सैल लागला म्हणजे न्यूट्रल झाला असं समजू नका. लिंकेजच्या बुशी झिजल्या की दांडा नुसताच हलतो आणि आत गिअर अडकलेला राहतो. खाली झोपून गिअरबॉक्सवरचे लिव्हर हाताने मध्ये आणा.

बांधताना बॉडीला बांधायचं नाही. स्प्रिंगवर बॉडी डुलते आणि दोर सैल पडतो. ॲक्सलला आणि पुढच्या आर्मला बांधा. गाडीचं तोंड केबिनकडे ठेवा. घाट चढताना सगळा भार मागे येतो, म्हणून मागच्या चाकांच्या पाठीमागे ठोकळे हौद्याला खिळे मारून बसवा. पोफळीला थांबून सगळे ताण पुन्हा तपासायचे आणि मगच घाटाला लागायचं.

इंजिन तिथे फिरवू नका. बॅटरी तर लावूच नका, उंदरांनी वायरी सोललेल्या असणार. टाकीत जुनं पेट्रोल असेल तर आधी उघड्यावर काढा, जवळ विडी-काडी नको. प्लग काढून चारही सिलेंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडा आणि प्लग परत लावा. कराडला पोचेपर्यंत ते रिंगांमध्ये मुरेल.

शेवटचं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. सीट उचकण्याआधी काठी फिरवा. उंदीर आहेत तिथे धामण येते, आणि मांगरात चिऱ्यांच्या आड फुरसंही असतं. पोरांना हातमोजे आणि पायात बूट पाहिजेत. उंदराच्या मुतामुळे लेप्टो होतो, हाताला जखम असलेल्या मुलाला त्या सीटजवळ फिरकू देऊ नका.

---

जुनी_नंबरप्लेट

लालबागच्या काकांनी यंत्राचं सगळं सांगितलं, मी कागदांचं सांगतो.

पहिली गोष्ट, आरसी बुक सापडल्याशिवाय गाडी हलवू नका. घरातल्या ट्रंकेत, पोथीत, देव्हाऱ्याखाली, सगळीकडे शोधायला सांगा. नंबर मुंबईचा जुना असणार. तो ‘वाहन’ पोर्टलवर दिसला नाही तर घाबरू नका. जुन्या वह्यांमधल्या बऱ्याच नोंदी संगणकावर चढलेल्याच नाहीत. जिथे नोंद झाली त्या कार्यालयातून बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, आणि त्याला मूळ पुस्तक लागतं.

मालक हयात नाहीत, त्यामुळे आधी फॉर्म ३१ भरून गाडी काकूंच्या नावावर, मग २९ आणि ३० भरून संस्थेच्या. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची ना-हरकत आत्ताच घ्या. मुलं मुंबईत असतील तर गणपतीत सगळे एकत्र सापडतील. १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं, पण त्यासाठी गाडी तपासणीला चालती न्यावी लागते. ते नंतरचं काम.

कुणी सांगेल की शिकवायलाच वापरायची तर नोंदणी रद्द करून टाका, कटकट नको. तसं करू नका. रद्द झालेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणणं जवळजवळ अशक्य, आणि तुम्ही तर काकूंना दारात आणून दाखवायचं कबूल केलंय.

२०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी त्यात बसते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं. तुमची गाडी १९७८ची, म्हणजे २०२८ला पात्र होईल. पण त्यात अट आहे: बॉडी, चासी, इंजिन मूळचं हवं, मोठे फेरफार चालत नाहीत. शिवाय ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. तेव्हा प्रकल्पाची दिशा आजच ठरवा.

आणि चासी नंबर, इंजिन नंबर यांच्यावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप काढा, फोटो काढा, मगच गाडीला ब्रश लावा. उत्साही पोरं पहिल्याच दिवशी ग्राइंडरने गंज काढतात आणि नंबर पुसट होतो. मग आरटीओत उभं राहून काहीही पटवता येत नाही.

टेम्पोत बरोबर ठेवायचं: आरसीची प्रत, काकूंचं सहीचं पत्र, संस्थेचं लेटरहेडवरचं पत्र. नाक्यावर कुणी विचारलं तर दाखवता येतं.

---

ईव्ही_सातारा

एक वेगळा विचार मांडतो. इंजिन जाम असेल तर त्याच्यामागे लागण्यापेक्षा मोटर आणि बॅटरी बसवा. मुलांना पुढे नोकरी त्यातच मिळणार आहे. १०८९ सीसीचं इंजिन शिकून ते कुठे जातील?

---

लालबाग_फियाट

दादा, तुमचं म्हणणं मुलांच्या भल्याचं आहे, म्हणून उत्तर देतो. मोटर बसवायला कुठलीही कुजकी बॉडी चालेल, त्यासाठी एक स्क्रूही न हललेली गाडी कापायची गरज नाही. अशी गाडी आता मिळत नाही. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. बाकीच्या कुठे गेल्या ते मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर डोळ्यांनी पाहिलंय. तिथेच जवळ, कुर्ल्यातल्याच कारखान्यात त्या बनल्या होत्या.

आणि शिकण्याचं म्हणाल तर या इंजिनात लपवलेलं काही नाही. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट कमी-जास्त केली की आवाज बदलतो, तो आवाज पोराने स्वतः ऐकायचा. प्लगचा रंग बघून मिश्रण ओळखायचं. हे ज्याला आलं तो स्कॅनरने दिलेला कोड डोळे झाकून मानत नाही, विचार करतो. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं आज मोठ्या वर्कशॉपमध्ये नव्या गाड्या करतात, आणि अडलं की तिथले लोक त्यांनाच हाक मारतात.

---

एमएमव्ही_कराड

मंडळी, गाडी आली. सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते लिहितो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

आरसी बुक काकूंनी तासाभरात काढलं, पितळी डब्यात विम्याच्या जुन्या पावत्यांबरोबर होतं. छाप घेण्याचं काम दोन मुलींना दिलं. बॉनेट उघडल्यावर फायरवॉलवरचा एकेक आकडा ट्रेसिंग पेपरवर उमटताना बाकीची पोरं वाकून बघत होती. पुस्तकातल्या नंबराशी तो जुळला.

सीटखाली धामण नव्हती, कात मात्र होती. काठी फिरवायला सांगितल्यावर हसणारे दोघे त्यानंतर हातमोजे घालूनच वावरले.

चाकाचं काकांनी सांगितलं तसंच केलं. केबल सैल करून ड्रमच्या तोंडावर ठोकत राहिलो. बराच वेळ नुसता ठणठण आवाज येत होता. मग एकदम आवाज बदलला, पोकळ झाला, आणि ड्रमच्या कडेने तांबूस भुकटी गळली. एका मुलाने चाकाला हात लावला तर चाक फिरलं. तरी केळीची सोपं शेजारच्यांनी आणून ठेवली होतीच, ती फळ्यांवर अंथरली. तिथल्या ओल्या, उताराच्या जमिनीवर त्यांचा चांगलाच उपयोग झाला.

बांध मांगरापासून पन्नासेक पावलांवर होता, हौद्यापेक्षा वीतभर खाली. फळ्यांना थोडा चढ आला, पण चेन कुप्पीने तो सहज निभावला. कुप्पीवर एक मुलगा, चारही चाकांमागे ठोकळा सरकवायला चौघे, स्टिअरिंगला मी बाहेरून खिडकीतून हात घालून. गाडीत कुणालाही बसू दिलं नाही. गाडी हौद्यात शिरली तेव्हा काकू पडवीत उभ्या होत्या. त्यांनी बोनेटवर हळद-कुंकू वाहिलं, नारळ दिला आणि टेम्पोवाल्याला बजावलं, सावकाश ने.

पोफळीला तपासलं तर मागचा एक दोर खरंच सैल झाला होता. घाट चढायला वेळ लागला, पण ठोकळे जागचे हलले नाहीत. हेळवाकला चहा घेतला, पाटणपासून अंधार. वर्कशॉपच्या रॅम्पवर उतरवायला दुसरी बॅच आधीच थांबलेली होती.

आता सध्याची स्थिती. दोन्ही सिल आतून गेलेत, ड्रायव्हरचा फ्लोअर आणि बॅटरीखालचा पत्रा नवा घालावा लागेल. इंजिन आठवडाभर तेलात ठेवलं. मग प्लग काढून क्रँक पुलीच्या नटाला लांब पाना लावला आणि हाताने हळूच मागे-पुढे केलं. सुरुवातीला केसभर, मग बोटभर. शनिवारी पूर्ण फेरा झाला. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरचा दाब, अजून घेतलेलं नाही. प्रत्येक भागाची वही घातली आहे, काढलेला बोल्ट कुठला, कुठल्या स्थितीत होता, ते लिहूनच तो डब्यात जातो. मूळ इंजिनच ठेवायचं यावर मुलांनी वर्गात मतदान घेतलं. ईव्ही मोटरवाली मतंही बरीच पडली, त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी वेगळी गाडी बघतोय.

काका, दोन प्रश्न. ब्रेकची सगळी रबरं नवीन घालायची आहेत, ती मिळतील का? आणि पेट्रोलची लाइन बदलताना काय काळजी घ्यावी?

---

लालबाग_फियाट

मास्तर, जीव गार झाला वाचून. काकूंना माझा नमस्कार कळवा.

ब्रेकचे किट कुर्ल्याला किंवा ऑपेरा हाऊसकडच्या जुन्या स्पेअरवाल्यांकडे अजून मिळतात. पण पाकीट दाबून बघून घ्या. वर्षानुवर्षं पडून रबर कडक झालेलं असतं, तसलं नवं घालून काही फायदा नाही. सिलेंडर आतून नखाला खडबडीत लागत असेल तर होन करण्यात (आतून घासून गुळगुळीत करण्यात) वेळ घालवू नका, स्लीव्ह (आत नवी नळी) मारून घ्या. मास्टर सिलेंडर पण त्याबरोबरच उघडा.

पेट्रोलचं लक्ष देऊन करा. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९७८च्या रबराला ते सोसत नाही, पाइप फुगतात, आतून सोलतात आणि कचरा जेटमध्ये बसतो. पंपाचा डायफ्राम, पाइप, कार्बोरेटरचे वॉशर, सगळं इथेनॉल चालणाऱ्या रबराचं घ्या. टाकी खाली उतरवून आत गंज असेल तर आधी ती साफ करा, नाहीतर नव्या लाइनचा उपयोग नाही. टाकीला वेल्डिंग लागलं तर नुसती पाण्याने धुतली, वास गेला म्हणून ती सुरक्षित मानू नका; पोरांना आगीजवळ नेऊ देऊ नका, ते काम जाणकाराकडेच द्या.

कॉम्प्रेशन घेतलंत की चारही आकडे इथे टाका. दोन शेजारच्या सिलेंडरांत एकदम कमी आलं तर हेड गॅस्केट, एकात कमी आलं तर थोडं ऑइल सोडून परत घ्या, वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर वॉल्व्ह. हे पोरांनाच करू द्या.